‘आढळले नाही’ आणि ‘नव्हते’ यांच्यामधले अंतर

एका तरुण विषविज्ञान संशोधिकेने तीन प्रश्न विचारले आहेत. मृताच्या रक्तात सापडलेल्या औषधाच्या प्रमाणाबद्दल फौजदारी खटल्यात तज्ज्ञ म्हणून मत द्यावे, अशी एका वकिलांनी त्यांना विनंती केली आहे. वकिलांच्या पत्रात ‘आमच्या बाजूने’ असे शब्द आहेत आणि ते त्यांना खटकले आहेत. फी घेतली तर मत विकल्यासारखे होते का? ज्यांनी बोलावले त्यांच्याच विरोधात जाणारी गोष्ट सापडली तर ती आपणहून सांगायची का? आणि मोजणीतल्या शंका कबूल केल्या तर समोरचे वकील त्याच शंका धरून सगळे मत उडवून लावणार नाहीत का?

थोडक्यात उत्तर आधी देतो. फी घ्या. विरोधात जाणारी गोष्ट आपणहून सांगा. आणि हो, समोरचे वकील तुमच्या शंका वापरतील. तरीही त्या कबूल करा. गेली सव्वीस वर्षे मी रक्ताचे, मूत्राचे आणि व्हिसेऱ्याचे नमुने तपासतो आहे आणि त्यांतल्या बऱ्याच नमुन्यांसाठी पिंजऱ्यात उभा राहिलो आहे. पुढे जे लिहितो त्यातले काही मला स्वतःच्या चुकीतून कळले.

फीचा प्रश्न सगळ्यांत सोपा, म्हणून तो आधी. तुम्ही वेळ विकता, मत नाही. कागद वाचायला, आकडेमोड पुन्हा तपासायला, अहवाल लिहायला आणि न्यायालयात बसून राहायला जेवढे तास लागतील त्यांचा दर आधी लेखी ठरवा. निष्कर्ष कोणताही निघाला तरी दर तोच राहील, हेही लिहा. खटला जिंकला तर जादा रक्कम, असा प्रस्ताव आला तर तिथेच थांबा. त्यावर बोलणी करण्यासारखे काही नसते. उलटतपासणीत ‘तुम्हाला किती पैसे मिळाले?’ असे विचारतातच. शांतपणे आकडा सांगा. नुकसान होते ते पैसे लपवल्याने. १९९८ साली ‘लॅन्सेट’मध्ये या वैद्यकीय नियतकालिकात अँड्र्यू वेकफील्ड या डॉक्टरांचा, गोवर-गालगुंड-रुबेलाच्या एमएमआर लशीचा स्वमग्नतेशी संबंध सुचवणारा, बारा मुलांवरचा निबंध छापून आला. लस बनवणाऱ्यांविरुद्ध दाव्याची तयारी करणाऱ्या वकिलांकडून त्यांना पैसे मिळत होते, हे निबंध वाचणाऱ्यांना माहीत नव्हते. ‘लॅन्सेट’ने तो निबंध मागे घेतला तो २०१० मध्ये. मधल्या बारा वर्षांत किती आईवडिलांनी मुलांना लस द्यायचे टाळले, याचा विचार केला की हा निव्वळ पैशांचा मामला राहत नाही.

आता मूळ मुद्दा. न्यायालय तुम्हाला जी मुभा देते ती असाधारण आहे, हे आधी लक्षात घ्या. साध्या साक्षीदाराने डोळ्यांनी पाहिले, कानांनी ऐकले तेवढेच सांगायचे असते. त्याचे मत कोणी विचारत नाही. मत देण्याची सवलत तज्ज्ञाला आहे. इंग्लंडमध्ये १७८२ साली वेल्स नावाच्या बंदरात गाळ का साचतो यावर दावा चालू होता. समुद्र अडवण्यासाठी घातलेल्या बांधामुळे गाळ साचतो की निसर्गक्रमानेच, हा वाद होता. जॉन स्मीटन हे त्या काळचे मोठे स्थापत्य अभियंता. त्यांची साक्ष ‘हे तर केवळ मत आहे’ म्हणून आधी नाकारली गेली. लॉर्ड मॅन्सफिल्ड यांनी ती ग्राह्य धरली, कारण सिद्ध झालेल्या गोष्टींवरून त्या विषयाच्या जाणकाराने काढलेले मत न्यायालयाला उपयोगी असते. आजचा प्रत्येक तज्ज्ञ साक्षीदार त्याच दारातून आत येतो.

पण दार उघडले म्हणून न्यायाधीशाचे आसन मिळत नाही. स्कॉटलंडमधल्या १९५३ च्या डेव्ही खटल्यात सुरुंगाच्या स्फोटांनी घराला तडे गेले की नाही, हा प्रश्न होता. तिथे न्यायालयाने तज्ज्ञाचे काम नेमके सांगितले: निष्कर्ष तपासून पाहण्याचे निकष न्यायाधीशाच्या हाती द्यायचे, म्हणजे निर्णय न्यायाधीश स्वतः करू शकेल. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने जयलाल खटल्यात १९९९ मध्ये हीच भूमिका घेतली. इंग्लंडमधल्या १९९३ च्या ‘इकारियन रीफर’ जहाजाच्या खटल्यात तज्ज्ञाच्या कर्तव्यांची जी मांडणी झाली तिचा गाभाही हाच आहे. मत स्वतंत्र असावे, मताच्या विरोधात जाणाऱ्या बाबी वगळू नयेत, प्रश्न आपल्या विषयाबाहेरचा असेल तर तसे सांगावे, आणि मत बदलले तर लगेच कळवावे. म्हणजे पैसे पक्षकार देतो, पण बांधिलकी न्यायालयाशी.

हे कागदावर सगळ्यांना मान्य असते. मी आजवर एकही तज्ज्ञ असा पाहिलेला नाही, जो म्हणेल की मी पक्षपाती आहे. धोका नेमका तिथेच आहे. लाच घेऊन खोटे बोलणारा तज्ज्ञ क्वचित भेटतो. प्रामाणिक माणूस ज्या बाजूच्या खुर्चीवर बसतो तिकडे नकळत झुकतो, आणि हे रोज घडते. अमेरिकेत डॅनियल मरी आणि सहकाऱ्यांनी याचा प्रयोग केला. तो २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. शंभराहून अधिक न्यायवैद्यक मानसशास्त्रज्ञ आणि मनोविकारतज्ज्ञांना तीच प्रकरणे तपासायला दिली. काहींना वाटत होते की आपल्याला सरकार पक्षाने नेमले आहे, काहींना वाटत होते बचाव पक्षाने. सरकार पक्षाचे काम करतो असे समजणाऱ्यांनी त्याच गुन्हेगारांना अधिक धोकादायक ठरवले. जिथे तपासणाऱ्याच्या अंदाजाला जास्त वाव होता, त्या मोजपट्टीवर फरकही जास्त पडला. फाईल तीच, गुन्हेगार तोच. फक्त ‘आपण कोणाचे’ ही समजूत वेगळी.

बोटांच्या ठशांसारख्या ‘पक्क्या’ शास्त्रातही हे होते. २००४ मध्ये माद्रिदच्या रेल्वे बॉम्बस्फोटांनंतर स्फोटकांच्या पिशवीवरचा एक ठसा एफबीआयने ब्रँडन मेफील्ड या अमेरिकी वकिलाचा ठरवला. एकाहून अधिक तपासनिसांनी त्याला दुजोरा दिला आणि न्यायालयाने नेमलेल्या स्वतंत्र तज्ज्ञानेही तेच सांगितले. नंतर स्पॅनिश पोलिसांनी तो ठसा दुसऱ्याच माणसाचा असल्याचे दाखवले आणि एफबीआयला माफी मागावी लागली. पुढे इतिएल ड्रोर यांनी पाच अनुभवी ठसेतज्ज्ञांना ठशांची एकेक जोडी दिली आणि सांगितले की ही ती गाजलेली मेफील्डची चुकलेली जोडी आहे. प्रत्यक्षात ती जोडी त्या-त्या तज्ज्ञाने पूर्वी स्वतःच ‘जुळते’ म्हणून नोंदवलेली होती. पाचांपैकी चौघांनी आपले जुने मत बदलले. यांतले कोणी अप्रामाणिक नव्हते. म्हणून ‘मी प्रामाणिक आहे’ हा पक्षपातावरचा उतारा होऊ शकत नाही. उतारा कामाच्या पद्धतीत शोधावा लागतो.

मी काय करतो ते सांगतो. वकिलांना आधी कळवतो की मला कहाणी नको, नमुन्याचे कागद पाठवा. क्रोमॅटोग्राम (म्हणजे नमुन्यातली द्रव्ये शिखरांच्या रूपात दाखवणारा आलेख), प्रमाण काढण्यासाठी ज्ञात नमुन्यांवरून आखलेली प्रमाणन रेषा, उपकरण नीट चालत होते का हे दाखवणारे त्या दिवशीचे नियंत्रण नमुने, नमुना कोणी, कधी, कुठून आणि कशात घेतला याची नोंद. त्यावरून काय म्हणता येते ते लिहून तारीख टाकतो. मगच बाकीची माहिती वाचतो, आणि ती वाचून मत हलले तर का हलले तेही लिहितो. पण सगळी पार्श्वभूमी सारखी नसते, एवढा भेद इथे ठेवला पाहिजे. आरोपीने कबुली दिली आहे, त्याच्यावर आधीचे गुन्हे आहेत, मृताच्या बायकोचा आक्रोश पाहवत नव्हता, या गोष्टींचा क्रोमॅटोग्रामवरच्या शिखराशी काही संबंध नाही. मृताला मूत्रपिंडाचा विकार होता, तो औषध किती महिने घेत होता, शवविच्छेदन किती तासांनी झाले, या गोष्टींवाचून मात्र तोच आकडा मुका आहे. पहिल्या जातीची माहिती उशिरा घ्यायची, दुसऱ्या जातीची मागून घ्यायची.

तुमच्या प्रकरणात ही दुसऱ्या जातीची माहिती फार महत्त्वाची ठरेल. मृत्यूनंतर रक्तातले औषध जागच्या जागी राहत नाही. हृदय, यकृत, फुप्फुसे यांच्या पेशींत साठलेले औषध हळूहळू आजूबाजूच्या रक्तात झिरपते. डिगॉक्सिन या हृदयविकारावरच्या औषधाचे उदाहरण आपल्या विषयात सगळ्यांना पाठ असते: मृत्यूनंतर हृदयातून घेतलेल्या रक्तात त्याचे प्रमाण जिवंतपणीच्या प्रमाणाहून कितीतरी जास्त दिसू शकते. म्हणून रक्त या अवयवांपासून लांब, मांडीच्या शिरेतून घ्यायचे असते. अहवालात नुसते ‘रक्त’ एवढेच लिहिले असेल, तर ते कुठले रक्त हे कळेपर्यंत त्या आकड्यावरून मात्रा किती घेतली असेल याचा हिशेब मांडू नका. हा मुद्दा ज्यांनी तुम्हाला बोलावले त्यांना गैरसोयीचा असेल तर तो अहवालाच्या पहिल्या पानावर यायला हवा, सातव्या पानाच्या तळटीपेत नव्हे.

आता शंका कबूल करण्याबद्दल. हाच प्रश्न मला सगळ्यांत जिव्हाळ्याचा आहे. एक साधे उदाहरण घेऊ. अपघातानंतर चार तासांनी चालकाचे रक्त घेतले आणि त्यात १०० मिलिलिटरला ४० मिलिग्रॅम मद्यार्क सापडला. वकील विचारतात, अपघाताच्या वेळी किती होता? शरीर मद्यार्क दर तासाला किती काढून टाकते हे माणसागणिक बदलते. साधारण १० ते २५ मिलिग्रॅम. १० धरले तर अपघाताच्या वेळचे उत्तर ८० येते, २५ धरले तर १४०. तेही शेवटचा घोट पोटातून पूर्ण शोषला गेला होता असे गृहीत धरून. तो शोषला गेला नसेल तर हा सगळा हिशेबच लागू पडत नाही. वकिलांना एक आकडा हवा असतो. ते म्हणतात, सरासरी सांगा. सरासरी दर तासाला १५ धरला तर उत्तर नेमके १०० येते, ऐकायला चांगले आणि लक्षात राहण्यासारखे. पण आरोपीच्या पिंजऱ्यात सरासरी माणूस उभा नसतो. तिथे एक ठरावीक माणूस असतो आणि त्याचे यकृत कोणत्या वेगाने काम करत होते हे कोणी मोजलेले नाही. ८० ते १४० हेच खरे उत्तर. कायद्याची मर्यादा या पट्ट्याच्या मधे कुठेतरी पडत असेल तर ‘विज्ञान इथे निर्णय देऊ शकत नाही’ हे सांगणे तुमचे काम आहे. त्याने खटला पडेल की उभा राहील, हे बघणे तुमचे काम नाही.

समोरचे वकील म्हणतील, ‘म्हणजे तुम्हाला खात्री नाही तर!’ म्हणू द्या. पट्टा अहवालात लिहिलेला असेल, त्याचे कारण लिहिलेले असेल, तर उत्तर एका वाक्याचे असते: ‘८० पेक्षा कमी नव्हते, याची या गृहीतकावर मला खात्री आहे, नेमके किती होते, याची कोणालाच खात्री असू शकत नाही.’ माझ्या अनुभवात असे मत टिकते. कोसळते ते, ज्यातली शंका तज्ज्ञाने लपवलेली असते आणि वकिलाने शोधून काढलेली असते.

शब्दांकडेही बघा, कारण आपल्या व्यवसायातली बरीच फसवणूक साध्या शब्दांतून आणि हेतूवाचून होते. अहवालात आपण लिहितो, ‘विष आढळले नाही.’ न्यायालयात ते ऐकले जाते, ‘विष नव्हते.’ या दोन वाक्यांच्या मधे आपल्या उपकरणाची शोधमर्यादा, म्हणजे ज्याहून कमी प्रमाण त्याला दिसत नाही ती पातळी, असते, आपण नेमकी कोणती विषे शोधली त्यांची यादी असते, आणि मृत्यूपासून तपासणीपर्यंत गेलेले दिवस असतात. काही द्रव्ये शरीरात फार लवकर विघटित होतात. काही आपल्या नेहमीच्या तपासणीत दिसतच नाहीत. म्हणून मी अहवालात ‘अमुक पद्धतीने, अमुक मर्यादेपर्यंत, अमुक द्रव्ये शोधली, त्यांपैकी एकही आढळले नाही’ असे लिहितो. वाक्य लांबते, लांबू दे. तसाच दुसरा शब्द ‘सुसंगत’. ‘हा आकडा विषबाधेशी सुसंगत आहे’ हे वाक्य बहुधा खरेच असते. पण तोच आकडा नेमाने घेतलेल्या उपचाराशीही सुसंगत असेल, आणि ते तुम्ही लिहिले नसेल, तर तुमच्या खऱ्या वाक्याने खोटी समजूत करून दिली. तिसरा शब्द ‘जुळते’. एफबीआयच्या तज्ज्ञांनी अनेक वर्षे सूक्ष्मदर्शकाखाली केस पाहून ते आरोपीच्या केसांशी जुळतात अशा साक्षी दिल्या. जुन्या साक्षी पुन्हा तपासल्या गेल्या, त्यांचे निष्कर्ष २०१५ मध्ये जाहीर झाले. केसांचा पुरावा आरोपीविरुद्ध वापरला गेलेल्या ज्या २६८ खटल्यांचा तोवर आढावा झाला होता, त्यांपैकी २५७ मध्ये शास्त्राला न पेलणारी विधाने सापडली. २८ तपासनिसांपैकी २६ जणांनी अशी विधाने केली होती. केस सारखे दिसणे आणि केस त्याच माणसाचा असणे, यांमधले अंतर प्रत्येक साक्षीत थोडे थोडे गिळले जात होते.

माझी चूकही याच जातीची. व्यवसायातली माझी पहिली काही वर्षे होती. मेथाडोनचे, म्हणजे अफूजन्य द्रव्यांच्या व्यसनावर उपचार म्हणूनही दिल्या जाणाऱ्या औषधाचे, प्रकरण होते. अहवाल मी नीट लिहिला होता. उलटतपासणी लांबली, दुपार झाली, न्यायाधीश घड्याळाकडे पाहत होते आणि वकिलांनी विचारले, ‘म्हणजे हे प्रमाण प्राणघातक आहे, बरोबर?’ मी ‘हो’ म्हणालो. ते औषध पूर्वी न घेतलेल्या, नवख्या माणसासाठी ते उत्तर बरोबर होते. पण मेथाडोनचे जे प्रमाण नवख्याचा जीव घेते, तेच रोज उपचार घेणाऱ्याच्या रक्तात तो चालता-बोलता असताना सापडू शकते, आणि मृत माणूस या दोघांपैकी कोण होता हे मला माहीत नव्हते. त्या रात्री झोप लागली नाही. सकाळी मला बोलावणाऱ्या वकिलांना लेखी कळवले की माझे कालचे उत्तर अपुरे होते आणि ते न्यायालयापुढे दुरुस्त व्हायला हवे. ते नाराज झाले. मला पुन्हा बोलावले गेले, दुरुस्ती नोंदली गेली, आणि त्या कार्यालयाकडून मला नंतर कधीच काम आले नाही. तेव्हापासून ‘हो की नाही, एवढेच सांगा’ असे कोणी म्हटले की मी न्यायाधीशांकडे वळून सांगतो की या प्रश्नाला एका शब्दात उत्तर दिले तर ते दिशाभूल करणारे होईल. स्पष्टीकरणाची परवानगी हवी. आजवर एकाही न्यायाधीशांनी ती नाकारलेली नाही.

विषयाची वेस ओलांडण्याचे परिणाम काय होतात, हे पाहायचे असेल तर सॅली क्लार्क यांचे प्रकरण मन घट्ट करून वाचा. इंग्लंडमधल्या या आईची दोन तान्ही बाळे एकामागोमाग एक दगावली आणि तिच्यावर दोघांच्या खुनाचा खटला झाला. सर रॉय मेडो हे नामवंत बालरोगतज्ज्ञ. त्यांनी १९९९ मध्ये साक्षीत सांगितले की अशा घरात दोन बाळांचा आकस्मिक मृत्यू होण्याची शक्यता ७ कोटी ३० लाखांत एक आहे. हा आकडा आला कुठून? धूम्रपान न करणाऱ्या, कमावत्या घरातल्या अशा एका मृत्यूची शक्यता ८,५४३ मध्ये एक, असा अंदाज होता. त्यांनी ८,५४३ ला ८,५४३ ने गुणले. असा गुणाकार दोन घटना एकमेकींपासून पूर्ण स्वतंत्र असतील तरच चालतो. एकाच घरातली दोन भावंडे, तीच जनुके, तेच घर, तेच आईबाप. त्यांचे मृत्यू स्वतंत्र कसे धरायचे? शिवाय आकडा बरोबर असता तरी तो चुकीच्या प्रश्नाचे उत्तर होता. दोन बाळांचा नैसर्गिक मृत्यू दुर्मीळ असतो, तसा आईने दोन बाळांचा खून करणेही दुर्मीळच असते. दोन दुर्मीळ गोष्टींपैकी कोणती अधिक संभवनीय, हा न्यायालयापुढचा खरा प्रश्न होता आणि तो कोणी विचारलाच नाही. रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीने २००१ मध्ये जाहीर निवेदन काढून सांगितले की या आकड्याला संख्याशास्त्रीय आधार नाही.

पण शिक्षा प्रत्यक्षात रद्द झाली ती मुख्यतः दुसऱ्याच कारणाने, आणि ते कारण मला या आकड्याहूनही जास्त अस्वस्थ करते. दुसऱ्या बाळाच्या नमुन्यांत जिवाणू सापडल्याचे सूक्ष्मजीवशास्त्रीय निष्कर्ष शवविच्छेदन करणाऱ्या तज्ज्ञाकडे होते आणि ते बचाव पक्षापर्यंत पोचलेच नव्हते. तपासणी झालेली होती, कागद अस्तित्वात होता. तो महत्त्वाचा नाही, हे एका माणसाने स्वतःच्या मनात ठरवले. २००३ मध्ये सॅली क्लार्क सुटल्या; २००७ मध्ये त्या गेल्या. तुमच्या दुसऱ्या प्रश्नाला माझे उत्तर म्हणजे हा कागद. काय महत्त्वाचे हे ठरवण्याचा हक्क एकट्या तुम्हाला नाही. जे तपासले ते सगळे लिहा, जे उपयोगाचे वाटले नाही तेही लिहा, आणि का वाटले नाही ते सांगा.

मेडो यांचे पुढे काय झाले, हेही तुम्हाला ठाऊक असलेले बरे. डॉक्टरांची नोंदणी करणाऱ्या जनरल मेडिकल कौन्सिलने २००५ मध्ये त्यांचे नाव नोंदवहीतून काढले. २००६ मध्ये उच्च न्यायालयाने तो निर्णय फिरवला. त्याच वर्षी अपील न्यायालयाने बहुमताने मान्य केले की ती चूक गंभीर व्यावसायिक गैरवर्तन ठरण्याइतकी नव्हती, मात्र साक्ष दिली म्हणून तज्ज्ञ आपल्या नियामक संस्थेच्या चौकशीतून सुटत नाही, असेही स्पष्ट केले. २०११ मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने जोन्स विरुद्ध केनी खटल्यात आणखी पुढे जाऊन, ज्या पक्षकाराने नेमले तो निष्काळजीपणाबद्दल तज्ज्ञावर दावा लावू शकतो, असे ठरवले. काही सहकारी म्हणतात की यामुळे चांगले लोक न्यायालयाकडे फिरकणार नाहीत. मला तसे वाटत नाही. शल्यविशारदावर दावा होऊ शकतो म्हणून शस्त्रक्रिया बंद पडलेल्या नाहीत.

उलट, चांगल्या शास्त्रज्ञांनी पाठ फिरवण्याचे कारण बहुधा वेगळे असते: वेळ जातो, अपमान सोसावा लागतो, प्रयोगशाळेतली कामे मागे पडतात. ‘नको ती भानगड’ हे वाक्य मी फार मोठ्या संशोधकांच्या तोंडून ऐकले आहे आणि दर वेळी वाईट वाटले आहे. कारण रिकामी जागा रिकामी राहत नाही. तिथे तो येतो जो दर आठवड्याला साक्ष देतो, ज्याला कोणताही प्रश्न अवघड वाटत नाही. टेक्सासमध्ये कॅमेरॉन टॉड विलिंगहॅमला १९९१ च्या आगीसाठी, स्वतःच्या तीन मुलींच्या मृत्यूबद्दल, दोषी ठरवले गेले आणि २००४ मध्ये मृत्युदंड दिला गेला. खिडकीच्या काचांवरची बारीक जाळीदार भेग म्हणजे आग मुद्दाम, ज्वालाग्राही द्रव ओतून लावल्याची खूण, असे तेव्हाचे आगतपासनीस मानत होते. ही समज एका पिढीने दुसरीला सांगितलेली होती, कोणी भट्टीत काच ठेवून तपासलेली नव्हती. तपासले तेव्हा दिसले की तापलेल्या काचेवर अग्निशमनाचे पाणी पडले तरी तशाच भेगा पडतात. काच, उष्णता आणि पाणी यांचे ज्ञान असणारे शास्त्रज्ञ तेव्हाही होते. ते त्या खोलीत नव्हते.

तेव्हा नाही म्हणण्याची योग्य कारणे तीनच धरा: विषय तुमचा नाही, हितसंबंध आड येतात, किंवा मागितलेले कागद दिले जात नाहीत. बाकी वेळ काढा. आणि समोरच्या पक्षाच्या तज्ज्ञाने मूळ नोंदी मागितल्या तर त्या विनाविलंब मिळतील असे पाहा. पुष्कळदा त्या पक्षाकडे तज्ज्ञ नेमायला पैसेच नसतात. अशा वेळी त्यांच्या वकिलांना कळेल अशा भाषेत अहवाल लिहिणे, हेही तुमच्याच कामात मोडते. ऑस्ट्रेलियात दोन्ही बाजूंच्या तज्ज्ञांना एकत्र बसवून, एकमेकांसमोर, न्यायाधीशांनी प्रश्न विचारण्याची पद्धत रूढ आहे. ती मला पसंत आहे, कारण शेजारी आपल्याच विषयाचा माणूस बसला की जीभ आपोआप मोजून बोलते.

एक बारीक गोष्ट राहिली. अहवालाचा मसुदा वकील वाचतील आणि दुरुस्त्या सुचवतील. ‘हे वाक्य कळत नाही’, ‘या प्रश्नाचे उत्तर राहिले’, ‘इथे तारीख चुकली’ या सूचना घ्या. ‘हा परिच्छेद गाळा’, ‘इथे बहुधा ऐवजी निश्चितपणे लिहा’ या घेऊ नका, आणि आधीचा मसुदा जपून ठेवा.

आता तुमचे पत्र. वकिलांना असे कळवा: मी उपलब्ध आहे, ताशी दर असा असून तो निष्कर्षावर अवलंबून नाही. मी कोणत्या प्रश्नाचे उत्तर द्यायचे ते एका वाक्यात लिहून पाठवावे. रक्त शरीराच्या कुठल्या भागातून, मृत्यूनंतर किती तासांनी, कोणते परिरक्षक घालून घेतले, सीलची नोंद, सगळे क्रोमॅटोग्राम आणि त्या दिवशीचे नियंत्रण नमुने पाठवावेत. ज्या तपासण्यांतून काही निघाले नाही त्यांचेही कागद पाठवावेत. जबानी आणि कबुलीजबाब सध्या पाठवू नयेत. माझे मत आपल्या अशिलाच्या विरोधात जाऊ शकते, आणि तसे झाले तरी अहवालात ते तसेच राहील. शेवटी, पत्रातला ‘आमच्या बाजूने’ हा उल्लेख वगळून विनंती पुन्हा पाठवावी. त्यांनी तो वगळला तर कामाला लागा. नाही वगळला तर कागद उघडून न पाहता परत करा.